वाचकांचे प्रश्न : दर महिन्याला कापले जाणारे पैसे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. घरातून किंवा छोट्या गाळ्यातून ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना वेबसाइट, मेल, हिशेब, फोटो, वर्ग घेणे अशा एकेका कामासाठी सॉफ्टवेअरची वर्गणी भरावी लागते, आणि वर्षाअखेरीस ती रक्कम मालाच्या नफ्याला हात घालू लागते. म्हणून या अंकातील सर्व जागा याच प्रश्नांना दिली आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : माझे पैठणीचे ऑनलाइन दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी सुरुवात केली तेव्हा फक्त वेबसाइटचे पैसे भरत होते. आता वेबसाइट, ग्राहकांना मेल पाठवण्याची सेवा, फोटो सजवण्याचे ॲप, ग्राहकांचे अभिप्राय दाखवणारे ॲप, क्लाउडवरची साठवण आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळून महिन्याला साडेसहा ते सात हजार रुपये जातात. महिन्याला सरासरी चाळीस साड्या विकल्या जातात, एकेक साडी साधारण बारा हजारांची. यातले काय ठेवावे आणि काय बंद करावे? (एक वाचक, येवला)

उत्तर : ताई, कोणती वर्गणी महाग आणि कोणती स्वस्त हे तिच्या रकमेवरून कळत नाही, तिने गेल्या तीन महिन्यांत आपले कोणते काम केले हे पाहिल्यावरच कळते. त्यासाठी एक दुपार मोकळी काढा. गेल्या बारा महिन्यांचे बँकेचे उतारे आणि क्रेडिट कार्डाची बिले छापून घ्या, यूपीआय ॲपमधला ऑटोपेचा विभाग उघडा आणि फोनच्या प्ले स्टोअरमधील सबस्क्रिप्शनची यादीही समोर ठेवा. आपोआप पैसे कापले जाण्याच्या बहुतेक सर्व जागा यांत येतात. मग साध्या वहीत प्रत्येक सेवेपुढे लिहा : ती कशासाठी घेतली, घरातले किंवा दुकानातले कोण वापरते, शेवटची केव्हा वापरली, नूतनीकरणाची तारीख कोणती, पैसे कोणत्या कार्डातून जातात आणि सोडायची झाल्यास आपली माहिती बाहेर कशी काढायची.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मावसबहिणीच्या लोणच्याच्या व्यवसायासाठी आम्ही दोघी अशाच बसलो होतो. हातात लाल पेन्सिल होती आणि उताऱ्यावर एकेक ओळ अधोरेखित होत होती. क्लाउड साठवणीचे पैसे दोन वेगवेगळ्या खात्यांतून जात होते, एक तिच्या फोनवरचे आणि दुसरे मुलाच्या, आणि दोन्हीकडे तेच बरण्यांचे फोटो होते. जाहिरातींची चित्रे बनवण्याच्या ॲपमध्ये शेवटचे चित्र संक्रांतीचे होते, तिळगुळाच्या वाटीचे. त्यानंतर चार महिने पैसे कापले गेले होते आणि ॲप कोणी उघडलेही नव्हते. तिने हे निष्काळजीपणाने केले असे मला मुळीच वाटत नाही. हंगामात दिवसाला शंभर बरण्या भरणाऱ्या बाईला महिन्याच्या पाच तारखेला कापल्या गेलेल्या चारशे रुपयांची आठवण राहावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणूनच ती आठवण वहीकडे सोपवायची.

आता आपल्या यादीविषयी. वेबसाइट आणि तिचे डोमेननाव म्हणजे इंटरनेटवरचा तिचा पत्ता, ग्राहकाशी बोलण्याचा मेल, आणि पैसे स्वीकारण्याची सोय या गोष्टींवर दुकान उभे आहे, तेव्हा तेथे काटकसर करू नये. बाकीच्या सोयी आहेत आणि प्रत्येकीला आपली जागा सिद्ध करावी लागेल. अभिप्राय दाखवण्याची सोय वेबसाइटच्या बऱ्याच तयार दुकान-साच्यांत मुळातच असते. ती तपासल्याशिवाय वेगळ्या ॲपचे पैसे पुढच्या महिन्यापासून भरू नका. हिशेबाचे सॉफ्टवेअर ठेवा, पण ते आपण वापरता की आपले कर सल्लागार, हे विचारून घ्या, कारण अनेकदा सल्लागार आपल्या कार्यालयातील टॅलीत सगळी नोंद पुन्हा करतात आणि व्यावसायिक दोन्हीकडचे पैसे भरतो. फोटोच्या ॲपबाबत मला आग्रहाने सांगावेसे वाटते की पैठणीला सजावटीची नव्हे, खऱ्या रंगाची गरज असते. राणी रंगाची साडी पडद्यावर डाळिंबी दिसली तर ती परत येते, आणि परत आलेल्या एका साडीचा जाण्यायेण्याचा खर्च ॲपच्या कित्येक महिन्यांच्या वर्गणीएवढा होतो. सकाळच्या उजेडात, पांढऱ्या भिंतीलगत पदर पसरून घेतलेला फोटो आणि फोनमध्येच असलेली उजेड-छाया कमीजास्त करण्याची सोय एवढ्यावर पुष्कळ भागते. त्यापुढे लागलेच तर गिम्प (फोटोंसाठी) आणि इंकस्केप (रेखाचित्रांसाठी) ही मोफत सॉफ्टवेअरे आहेत, मात्र ती शिकायला थोडे दिवस द्यावे लागतात.

मेल पाठवण्याच्या सेवा यादीतील पत्त्यांच्या संख्येवर पैसे आकारतात. ज्यांनी मेल नको असे कळवले आहे अशांचे पत्तेही काही सेवा मोजत राहतात. वर्षभरात ज्यांनी आपला एकही मेल उघडला नाही ते पत्ते उतरवून संगणकात जपून ठेवा आणि सेवेतून काढून टाका. अनेकदा तेवढ्यानेच खालचा दर लागू होतो. तसेच चौकशीसाठी एक, ऑर्डरसाठी एक असे वेगवेगळे मेल-पत्ते हवे असतील तर प्रत्येकासाठी स्वतंत्र खाते विकत घेऊ नका. एकाच खात्याला अनेक पत्ते जोडण्याची म्हणजे एलियासची सोय बहुतेक सेवांत असते आणि सहसा तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

एवढे सर्व करून महिन्याचे दोनेक हजार रुपये वाचतील. पण ताई, आपल्या पत्रात ज्याचा उल्लेखच नाही असा खर्च याहून मोठा आहे. तो बँकेच्या उताऱ्यात दिसत नाही, कारण पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे आपल्याकडे पोचवणारा मध्यस्थ, स्वतःचे शुल्क आधी वळते करून उरलेली रक्कम खात्यात जमा करतो. आपल्याकडील गेटवेंचा प्रचलित दर साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असा धरला, तर बारा हजारांच्या साडीमागे २४० रुपये शुल्क आणि ४३ रुपये २० पैसे कर असे २८३ रुपये २० पैसे जातात. चाळीस साड्यांचे ११,३२८ रुपये झाले. ज्या सात हजारांनी आपली झोप उडवली त्यांच्यापेक्षा ही रक्कम दीडपटीहून अधिक आहे. जीएसटीची नोंदणी असल्यास यातील कराचा भाग वजावटीला मिळतो, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून तेवढा कमी होतो; मूळ शुल्क मात्र खर्चच राहते.

यावर उपाय आहेत. यूपीआयने घेतलेल्या पैशांवर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला एमडीआर म्हणजे बँकेचे व्यवहार-शुल्क नाही. गेटवेमार्फत यूपीआय घेतल्यास गेटवे स्वतःच्या सेवेचे शुल्क लावू शकतो, त्यामुळे त्याचा दर कार्डापेक्षा कमी आहे का हे करारात पाहा, आणि नसल्यास मागून घ्या; महिन्याला चार-पाच लाखांची उलाढाल असलेल्या दुकानदाराने दराविषयी बोलण्यात संकोच करण्याचे कारण नाही. जे ग्राहक फोनवर बोलूनच साडी निश्चित करतात, त्यांना बँकेच्या व्यापारी खात्याचा क्यूआर कोड पाठवता येतो. आणखी एक पाहून घ्या : काही दुकान-मंच, म्हणजे तयार ऑनलाइन दुकान पुरवणाऱ्या सेवा, त्यांच्या स्वतःच्या गेटवेऐवजी दुसरा वापरला तर प्रत्येक विक्रीवर आपलाही एक हिस्सा घेतात. स्वस्त दिसणाऱ्या मासिक योजनेत हा हिस्सा जास्त आणि महाग योजनेत कमी असतो, त्यामुळे चाळीस साड्यांवर कोणती योजना खरोखर स्वस्त पडते हे गुणाकार करूनच ठरवावे लागते.

शेवटी डॉलरमधील वर्गणीबद्दल. महिना वीस डॉलर आणि डॉलरचा भाव ८८ रुपये धरला तर १,७६० रुपये होतात, आणि आपण मनात तेवढेच धरतो. जीएसटी नोंदणी नसलेल्या ग्राहकाकडून परदेशी कंपनी १८ टक्के कर घेते, म्हणजे बिल २,०७६ रुपये ८० पैशांचे होते. कार्डाच्या बँकेने परकी चलनासाठी साडेतीन टक्के लावले तर ७२ रुपये ६९ पैसे, आणि त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. एकूण सुमारे २,१६३ रुपये महिना, वर्षाचे २५,९५० रुपये. मनात धरलेले होते २१,१२०. म्हणून वहीत प्रत्येक वर्गणीपुढे वर्षाची, रुपयांतील, खिशातून प्रत्यक्ष गेलेली रक्कम लिहा. वार्षिक योजना स्वस्त पडते हे खरे आहे, पण ती सेवा तीन महिने प्रत्यक्ष वापरून झाल्यावरच घ्यावी.

प्रश्न : मी काजूगर, कोकम आगळ आणि आंबापोळी ऑनलाइन विकतो. गोवा, बेळगाव आणि पुण्याला माल जातो आणि माझी जीएसटी नोंदणी आहे. वेबसाइटसाठी एका परदेशी कंपनीची सेवा घेतली आहे. तिच्या बिलावर जीएसटी लावलेला नाही, म्हणून मला बरे वाटले होते. आता सनदी लेखापाल म्हणतात की हा कर मीच भरायचा आहे. कंपनीने न लावलेला कर मी का भरावा? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : आपले लेखापाल बरोबर सांगत आहेत, आणि त्यांनी हे वेळीच लक्षात आणून दिले हे चांगले झाले. भारताबाहेरील पुरवठादाराकडून भारतातील नोंदणीकृत व्यवसायाने सेवा घेतली तर ती सेवेची आयात ठरते आणि तिच्यावरील कर भरण्याची जबाबदारी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे उलटते. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. खाते उघडताना आपण आपला जीएसटी क्रमांक दिला असणार; तो दिसल्यामुळेच कंपनीने कर लावला नाही.

हा कर १८ टक्के दराने एकात्मिक कर म्हणून भरावा लागतो आणि तो रोख खात्यातूनच भरावा लागतो. मालखरेदीवर जमा झालेल्या वजावटीतून तो चुकता करता येत नाही. जीएसटीआर-३बी विवरणपत्रात रिव्हर्स चार्जच्या आवक पुरवठ्यासाठी ३.१(डी) हा रकाना आहे, तेथे ही रक्कम दाखवायची, आणि सेवा व्यवसायासाठीच वापरली असल्याने तेवढीच वजावट त्याच महिन्याच्या विवरणपत्रात ४(ए)(२) या सेवांच्या आयातीच्या रकान्यात घ्यायची. म्हणजे नियमित नोंदणी असलेल्या व्यावसायिकाच्या खिशातून हा पैसा कायमचा जात नाही, काही दिवस अडकतो एवढेच. कंपोझिशन योजनेतील, म्हणजे छोट्यांसाठी उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरण्याच्या योजनेतील, व्यापाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे : त्याला रिव्हर्स चार्जचा कर पूर्ण दराने भरावा लागतो आणि वजावट मिळत नाही, त्यामुळे परदेशी सेवेची किंमत त्याने १८ टक्के वाढवूनच धरावी. मागील महिन्यांचा कर राहून गेला असेल तर तो व्याजासह भरून टाका. वर्षाला १८ टक्के दराने चढणारे व्याज आज काहीशे रुपयांत असेल. चौकशीची नोटीस येईपर्यंत थांबण्यात काहीही हशील नाही.

यापुढे प्रत्येक बिल आल्यावर त्यावरील पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक पाहण्याची सवय लावून घ्या, कारण एकाच परदेशी नावाखाली तीन प्रकारची बिले येतात. पुष्कळ परदेशी कंपन्या भारतातील उपकंपनीमार्फत बिल देतात. अशा बिलावर पंधरा अक्षर-अंकांचा भारतीय क्रमांक असतो. त्याचे पहिले दोन अंक राज्य दाखवतात, जसे महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३० आणि कर्नाटकाचे २९. तेथे कर त्या कंपनीनेच लावलेला असतो, रिव्हर्स चार्जचा प्रश्न येत नाही आणि आपला क्रमांक बिलावर असेल तर वजावट नेहमीसारखी मिळते. दुसरा प्रकार आपला, ज्यात परदेशातील पत्ता आहे, आपला क्रमांक आहे आणि कर शून्य आहे. तिसरा प्रकार सर्वांत नुकसानीचा : बिलावर परदेशी कंपनीचा ९९ ने सुरू होणारा क्रमांक असतो, १८ टक्के कर लावलेला असतो आणि आपला क्रमांक कोठेच नसतो. याचा अर्थ कंपनीने आपल्याला नोंदणी नसलेला ग्राहक धरून कर घेतला आहे, आणि तो वजावटीत मिळत नाही. नोंदणी असूनही घाईत खाते उघडताना तो रकाना रिकामा सोडणारे अनेक जण मी पाहिले आहेत. खात्याच्या बिलिंग विभागात जाऊन क्रमांक, व्यवसायाचे नोंदणीतील नाव आणि पत्ता भरला की पुढची बिले नीट येऊ लागतात. आणि बिले दर महिन्याला उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवा, कारण सेवा बंद केल्यावर त्या खात्यात पुन्हा शिरता येईलच असे नाही.

प्रश्न : माझे दुकान वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर आहे. त्याला लागणारे एक प्लगिन, म्हणजे जादा सोय देणारे जोड-सॉफ्टवेअर, वर्षाला सात हजारांचे आहे. तेच टेलिग्रामवरील एका गटात तीनशे रुपयांत मिळते आणि चालतेही. घ्यावे का? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : घेऊ नये. असे प्लगिन मूळ प्रतीत कोणीतरी हात घालून परवान्याची अट काढून टाकलेले असते, आणि ज्याने एक ओळ काढली त्याने दुसरी कोणती घातली हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. दुकानाच्या वेबसाइटवर ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर असतात. शिवाय अशा प्रतीला सुरक्षेच्या सुधारणा मिळत नाहीत. सात हजार परवडत नसतील तर ते काम वूकॉमर्स या वर्डप्रेसवर दुकान चालवण्याच्या मूळ मोफत प्लगिनमध्ये होते का ते पाहा. शिपिंगचे दर, सवलतीचे कूपन, साठ्याची मोजणी यांसारखी बरीच कामे त्यात होतात. परवाना विकत घेऊन पुढच्या वर्षी नूतनीकरण केले नाही तरी बहुतेक प्लगिने चालू राहतात, मात्र सुधारणा थांबतात, तेव्हा पैशाला हात लावणारी आणि ग्राहकाची माहिती साठवणारी प्लगिने तरी नूतनीकृत ठेवावीत.

प्रश्न : आमचा बेदाण्याचा व्यवसाय आहे. चार वर्षांपूर्वी गावातल्या एका होतकरू मुलाने वेबसाइट करून दिली. आता तो पुण्यात नोकरीला आहे. डोमेन कोणाच्या नावावर आहे, किती पैसे लागतात, केव्हा भरायचे, यातले मला काहीच माहीत नाही. तो दरवर्षी एक रक्कम सांगतो आणि मी पाठवतो. याला धोका आहे का? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : दादा, धोका आहे, आणि त्या मुलाच्या प्रामाणिकपणाशी त्याचा संबंध नाही. त्याचा फोन हरवला, मेलचा पासवर्ड विसरला किंवा कार्ड बदलले, एवढ्यानेही आपल्या दुकानाची पाटी उतरू शकते.

हे मी स्वतः भोगलेले सांगते आहे. मी काही वर्षे दिवाळी अंकांची ऑनलाइन विक्री करत होते. डोमेन माझ्या नावावर होते, पण नूतनीकरणाच्या सूचना ज्या मेलवर जात तो पत्ता आमच्याकडील काम सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याचा होता, आणि आपोआप भरण्यासाठी जोडलेल्या कार्डाची मुदत संपली होती. वसुबारसेच्या आदल्या आठवड्यात नागपूरहून एका ग्राहकाचा फोन आला की तुमच्या पत्त्यावर भलत्याच जाहिराती दिसत आहेत. मी मेल पाहायला गेले तर दोन दिवसांत एकही मेल आलेला नव्हता. मेलचा पत्ता डोमेनवरच अवलंबून असतो, त्यामुळे डोमेन गेले की दुकान आणि टपाल दोन्ही एकदम बंद पडतात. ऑर्डर देणाऱ्याला आपण उत्तरही देऊ शकत नाही. नशिबाने आम्ही मुदत संपल्यानंतर मिळणाऱ्या सवलतीच्या दिवसांत होतो आणि नेहमीच्या दरात नाव परत मिळाले. पण ते चार दिवस ज्यांनी अंकांचे पैसे भरले होते आणि ज्यांना काहीच कळत नव्हते, त्या प्रत्येकाला मी फोन केला. त्या फोनवरची शांतता अजून आठवते.

मुदत संपल्यावर काय होते ते समजून घ्या. डॉट कॉमसारख्या नावांसाठी मुदतीनंतर नोंदणी कंपनी काही दिवस सवलतीचे देते, ते पंचेचाळीसपर्यंत असू शकतात, पण किती ते कंपनीवर अवलंबून असते. त्यानंतर नाव रद्द झाले की तीस दिवसांची सोडवणुकीची मुदत असते. तीत नाव परत मिळते, पण नेहमीच्या नूतनीकरणाहून बरेच जास्त पैसे पडतात. त्यापुढे पाच दिवस नाव गोठलेले असते आणि मग ते जगातील कोणीही घेऊ शकतो. डॉट इन या नावांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया म्हणजे निक्सी पाहते आणि त्यांचे नियम तिच्या धोरणाप्रमाणे असतात. कोणतेही नाव असले तरी ते आपल्या मालकीचे नसते, ठरावीक वर्षांसाठी वापरायला घेतलेले असते.

आपण त्या मुलाशी आपुलकीने बोला. आधी त्याला विचारा की नाव कोणत्या नोंदणी कंपनीकडे आहे आणि नोंदणीदार म्हणून कोणाचे नाव लावले आहे. बहुतेक वेळा अशा मुलांच्या एकाच खात्यात पाच-दहा गिऱ्हाइकांची नावे असतात, म्हणून तो खात्याचा पासवर्ड देऊ शकणार नाही आणि आपणही मागू नये. त्याच कंपनीकडे आपण आपल्या नावाने, आपल्या फोन नंबरवर एक खाते उघडा आणि त्याने नाव त्या खात्यात वळते करून द्यावे. बऱ्याच कंपन्यांकडे हे काम थोड्या वेळात आणि बिनखर्चाने होते. कंपनीच बदलायची असेल तर हस्तांतराचा सांकेतिक क्रमांक लागतो, आणि नाव नव्याने नोंदल्यानंतर किंवा नुकतेच हलवल्यानंतर साधारण साठ दिवस ते पुन्हा हलवता येत नाही. खात्याला जोडायचा मेल-पत्ता त्याच डोमेनवरचा ठेवू नका. बेदाण्याच्या दुकानाच्या सूचना बेदाण्याच्या दुकानाच्याच मेलवर गेल्या तर नाव बंद पडल्यावर त्या वाचता येणार नाहीत. घरातील साधा, रोज पाहिला जाणारा पत्ता द्या.

पैशांबद्दल एक सूचना. डोमेन पहिल्या वर्षी नाममात्र किमतीत मिळते आणि दुसऱ्या वर्षापासून दर वाढतो, तेव्हा त्या मुलाने सांगितलेली रक्कम वाढली म्हणून त्याच्याविषयी शंका घेऊ नका, बिल मागा. त्याच वेळी वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राचे पैसे वेगळे लावले आहेत का ते पाहा. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा अशी प्रमाणपत्रे मोफत देते आणि अनेक होस्टिंग कंपन्या (वेबसाइट आपल्या संगणकांवर ठेवून चालवणाऱ्या) ती आपोआप बसवतात. लहान दुकानाला त्यासाठी दरवर्षी दोन-तीन हजार भरण्याची गरज सहसा पडत नाही. नाव आपल्या खात्यात आल्यावर ते एकदम तीन किंवा पाच वर्षांसाठी नूतनीकृत करून टाका. वार्षिक योजना आधी वापरून पाहावी असे मी वर म्हटले आहे, डोमेन हा त्याला अपवाद आहे. आणि त्या मुलाने चार वर्षे जी काळजी घेतली तिचे पैसे कोणी दिले नसतील, तर या निमित्ताने तेही द्यावेत असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मी परदेशांतील मराठी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. वर्गासाठी घेतलेल्या परदेशी सेवेचे पैसे कार्डातून दर महिन्याला आपोआप जायला हवेत, पण ते कधी जातात, कधी अडतात. दुसरी एक सेवा मी ॲप काढून टाकून बंद केली, तरी तिचे पैसे अजून जातात. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ताई, पहिल्या अडचणीचे मूळ रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे आणि ते नियम आपल्या हिताचेच आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डातून वारंवार कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी एकदा ओटीपी देऊन परवानगी नोंदवावी लागते आणि प्रत्येक वेळी पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास बँकेने सूचना द्यावी लागते. जून २०२२ पासून एका वेळच्या १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला दर महिन्याला पुन्हा ओटीपी लागत नाही. आपली वर्गणी त्याहून कमीच असणार, त्यामुळे दोन शक्यता उरतात. एक म्हणजे त्या परदेशी कंपनीने आपल्या बँकेशी या परवानगीची व्यवस्था केलेली नाही; दुसरी म्हणजे कार्डावरील परदेशी व्यवहारांची कळ बंद आहे, कारण मार्च २०२० पासून नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू करून दिली जातात आणि परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून ग्राहकाला स्वतः सुरू करावा लागतो. कळ सुरू असूनही पैसे अडत असतील तर वर्षाचे पैसे एकदम, स्वतः ओटीपी देऊन भरावेत, किंवा रुपयांत बिल देणारी आणि यूपीआय ऑटोपे घेणारी सेवा निवडावी.

मोफत योजनेवर जावे का, असाही प्रश्न आपल्या मनात असेल. झूमच्या मोफत योजनेत बैठक चाळीस मिनिटांत संपते, गूगल मीटवर तीन किंवा अधिक जण असल्यास साठ मिनिटांची मर्यादा आहे. पंचावन्न मिनिटांचा वर्ग बसवता आला तर दुसरा पर्याय चालेल. मात्र आठ वर्षांचे मूल पहिल्यांदाच सलग परिच्छेद वाचत असताना पडदा काळा होणे मला पटत नाही, आणि वर्गाच्या फीमधून ही वर्गणी सहज निघत असेल तर ती भरावी.

आता दुसऱ्या सेवेबद्दल. ॲप काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही, ही फार सार्वत्रिक चूक आहे. ज्या वाटेने वर्गणी सुरू झाली त्याच वाटेने ती बंद करावी लागते : प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर तेथील सबस्क्रिप्शनच्या यादीतून, कंपनीच्या वेबसाइटवरून घेतली असेल तर तेथे लॉगिन करून. त्यानंतर बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमधील नोंदवलेली परवानगीही रद्द करा. फक्त परवानगी रद्द केली तर पैसे जाणे थांबते, पण कंपनीच्या लेखी आपण ग्राहकच राहता आणि थकबाकीचे मेल येत राहतात, म्हणून दोन्ही ठिकाणी बंद करावे. बंद करण्याआधी मुलांच्या वह्या, ध्वनिमुद्रणे आणि पालकांची यादी उतरवून घ्या.

बंद करण्याचे बटण सापडतच नसेल किंवा पुन्हा पुन्हा फिरवून त्याच पानावर आणले जात असेल, तर तो दोष आपला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीचे तेरा प्रकार सांगितले आहेत. वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे आणि सॉफ्टवेअर सेवेचे पैसे ग्राहकाच्या नकळत घेत राहणे हे दोन त्यांत स्वतंत्रपणे नमूद आहेत. केवळ उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याने घेतलेल्या वस्तूंना २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी हेतूच्या मानत नाही; सेवांचा तेथे स्पष्ट उल्लेख नाही, तरी तक्रार करून पाहावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फोन करण्याआधी बंद करण्याच्या प्रयत्नाचे तारीख दिसेल असे पडद्याचे फोटो, कंपनीला पाठवलेला मेल आणि त्यानंतर पैसे कापले गेल्याची बँकेच्या उताऱ्यातील ओळ हाताशी ठेवा.